दत्तक रुग्ण

व्यसनमुक्ती केंद्राच्या मॅडमनी माझा हात मनगटापाशी धरला आणि वर उचलला.

"हा हात बघा," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "काही महिन्यांपूर्वी या हातात पाण्याचा ग्लास थांबत नव्हता. आणि आज बघा."

शाळेचा हॉल होता. समोर सतरंजीवर पोरंपोरी, मागं खुर्च्यांवर मास्तर, मॅडम लोक, थोडे पालक. सगळे माझा हात पाहत होते. बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तशी मी उभी. हात खाली घ्यायला गेले तर मॅडमनी पकड सोडली नाही. माझा ब्लाऊज काखेत उसवला होता. तो सगळ्यांना दिसत असणार, एवढंच डोक्यात होतं.

"आता ताई स्वतः सांगतील. जोरदार टाळ्या."

टाळ्या झाल्या. हातात माईक आला. मला सगळं पाठ होतं. कुठं थांबायचं तेही पाठ होतं.

"मी दहा वर्षांची होती," मी म्हणाले. "माझ्या बापानंच मले पहिला घोट पाजला."

हॉल गप्प झाला. या वाक्याला दर वेळी असंच होतं. बाया तोंडाला पदर लावतात. मास्तर मान हलवतात.

तिसऱ्या रांगेतली एक पोरगी उठली. नववीतली. बसलेल्या पोरींच्या पायांवरून, खांद्यांना धरत ती दाराकडं गेली. कोणीतरी तिला "ए, खाली बस" म्हटलं. तिनं मागं पाहिलं नाही.

ती माझी पोरगी होती.

आणि माझ्या बापानं जन्मात दारूला हात लावला नव्हता.

गाडी कोणत्या शाळेत चालली हे मला आधी माहीत नव्हतं, असं मी नंतर खूप जणांना सांगितलं. अर्धं खरं आहे ते. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा कळलंच होतं. तेव्हा उतरून घरी जाता आलं असतं. बल्लारपूरच्या त्या शाळेपासून आमची वस्ती चालत दहा मिनिटं. पण कार्यक्रम झाल्यावर मिळायच्या गोळ्या मॅडमच्या पर्समध्ये होत्या. घरच्या संपून दोन दिवस झाले होते. मी उतरले ती सरळ हॉलमध्ये गेले.

हे लिहिताना अंगावर घाण पडल्यासारखं वाटतं. पण लिहिते.

माझा बाप कोळशाच्या खाणीत होता. त्याच्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला मोहाच्या दारूचा माठ अंगणात फोडला, असं बाप सांगायचा. पगाराच्या दिवशी सोबतचे लोक दुकानाकडं वळायचे. बाप टपरीवर चहा घेऊन त्यांच्यासाठी उभा राहायचा आणि नंतर एकेकाला घरी पोचवायचा. रविवारी पांढरा सदरा घालून विहारात. माझ्या पोरीला बोट धरून तोच न्यायचा. तिला पंचशील त्यानंच शिकवलं. ती चौथीत असताना तो गेला.

मी प्यायला लागले ती त्याच्या नंतर.

का, ते सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण फार काही नव्हतं. नवरा तेलंगणात कामाला गेला तो तिकडंच राहिला, पण म्हणून नाही. तो असतानाही तसा नव्हताच. मी रद्दीच्या गोदामात कागद छाटायला जात होते. दिवसभर उकिडवं बसून पिना काढायच्या, प्लास्टिक वेगळं करायचं. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. दोघीतिघी जणी सुटल्यावर थोडी घ्यायच्या. एकदा मीही घेतली. कंबर हलकी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. एवढंच. मग संध्याकाळची दुपारी आली, दुपारची सकाळी आली.

विहारात जाणं मी सोडलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसायची. पाचवं शील आलं की तोंड मिटायची. सगळे नशेपासून दूर राहायचं म्हणत असायचे आणि मी पदरानं तोंड झाकून वास दाबत असायची. बाजूची बाई हळूच सरकून बसायची. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

एका पावसाळ्यात मला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. नसलेल्या. मी त्या झाडूनं झाडत होते. आई घाबरली आणि मला चंद्रपूरच्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. काचेच्या टेबलामागच्या माणसानं फी सांगितली. आईनं दोनदा विचारलं, तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"एवढे कुठून आणू साहेब?"

"मग घरी बांधून ठेवा," तो म्हणाला. "चारपाच दिवसांत उतरते."

तो चिडला नव्हता. सल्ला दिल्यासारखं बोलला. बाजूला सोफ्यावर एक बाप आपल्या जीन्सवाल्या पोराला घेऊन बसला होता. पोराचेही हात हलत होते. त्याला पाणी दिलं, नाव विचारलं. आम्हाला दार दाखवलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि टेबलामागच्या माणसाला विचारलं, "आपल्याकडे महिला रुग्ण एकही नाही ना?"

अशी मी दत्तक गेले. त्यांचा शब्द तो. दत्तक रुग्ण. जिन्यापाशी एक फळा होता, त्यावर माझा फोटो लागला. फोटोखाली तेच लिहिलं. माझी आई त्यांच्या पाया पडली. मीही पडले.

उपचार खोटा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. सलाइन लागलं, गोळ्या लागल्या, मुंग्या गेल्या. झोप आली. हात थांबला. घरी जाताना मॅडम म्हणाल्या, "गोळ्या वर्षभर घ्याव्या लागतील. त्या मी देईन. तू फक्त कार्यक्रमाला येत जा. तुझ्यासारख्यांना त्यानं हिंमत येईल."

पहिल्या कार्यक्रमात मी खरं सांगितलं. कंबर, गोदाम, दोघीतिघी. हॉलमधले मोठे लोक मोबाईल पाहायला लागले. एकानं जांभई दिली.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "यात काहीच नाही ग. लोकांच्या काळजाला हात घालायला हवा. घरात कोण प्यायचं?"

"कोणीच नाई."

"असं कसं? तुमच्या लोकांत लहानपणापासून ते वातावरण असतंच ना."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"वडील खाणीत होते म्हणालीस. खाणीतला माणूस आणि पीत नव्हता? आठव जरा. कधी तुला चाखवली असेल. कौतुकानं पाजतात की."

मी खिडकीबाहेर पाहत होते. मला म्हणता आलं असतं, नाई मॅडम, माझा बाप तसा नव्हता. जीभ उचलली नाही. मॅडमनी पर्स उघडून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मांडीवर धरून ठेवलं. धमकी नव्हती ती. त्यांना कदाचित जाणवलंही नसेल. पण मी त्या पाकिटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "एकदा दिली असन."

तुमच्या लोकांत. हे दोन शब्द मी गिळले. वर बापाचं नाव स्वतःच्या हातानं त्यांना दिलं.

पुढच्या कार्यक्रमात बापानं मला पहिला घोट पाजला. लोक रडले. मॅडमनी मला मिठी मारली. त्यानंतर किती ठिकाणी बोलले ते मोजलं नाही. आधी वाक्य म्हणताना मी अडखळायची. मग नाही अडखळले. ते जास्त वाईट. एकदा तर टाळ्या कमी पडल्या तेव्हा मीच आपल्या मनानं भर टाकली, की बाप आईला मारायचा. माझ्या बापानं आईवर कधी आवाज चढवला नाही. मॅडमनी सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

शाळेतून मी घरी आले तेव्हा पोरगी भिंतीला टेकून बसली होती. दप्तर शाळेतच राहिलं होतं. आई दारात. पोरीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"आबाले काऊन ओढलं?" पोरगी म्हणाली. "तू पेत होती ना? मंग तुह्यं सांग. आबाचं काऊन सांगतं?"

"गोळ्या..." मी म्हणाले. "गोळ्या भेटते त्याच्यानं."

हे उत्तर तोंडातून निघालं तसं मलाच ऐकू आलं.

आई दारातच खाली बसली. ती फक्त एवढं म्हणाली, "तो ऐकून नाई राह्यला. म्हणून बोलली तू."

मग उठून तांदूळ निवडायला लागली. ती पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. शाळेत पोरं माझ्या पोरीला म्हणायची, तुह्या घरी तर लेकराले बी पाजते. ती चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी गेली, पण डबा खायला मैत्रिणींत बसली नाही. हे मला तिनं नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं. नळावर. सगळ्यांपुढं.

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मी आता कार्यक्रमाला येत नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग दुसरी कोणी बघते. गोळ्याही मग तिलाच द्याव्या लागतील ना. माझ्याकडे काही झाड नाही लागलेलं."

गोळ्या बंद झाल्या आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा प्यायले. दोष मॅडमचा आहे असं म्हणत नाही. बाटली मी उघडली. दुकान आमच्या वस्तीपासून शाळेइतकंच दूर. मी पडले ती विहाराच्या मागच्या गल्लीत. ज्यांनी उचलून आणलं त्यात बापाच्या जुन्या सोबत्याचा पोरगा होता. लहानपणी त्याच्या बापाला माझा बाप असाच घरी आणून सोडायचा.

केंद्रात कळलं. आई पुन्हा तिथं गेली, माझ्याशी न बोलता, माझ्यासाठी. टेबलामागचा माणूस म्हणाला, "तिनं आमचं नाव घालवलं." फळ्यावरचा फोटो काढला होता. तिथं खिळा होता नुसता, आईनं सांगितलं.

मग वस्तीतल्या आशाताईनं चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्याचं सांगितलं. तिथं आठवड्यातून एक दिवस व्यसनाचे पेशंट पाहतात, फुकट. मी हसले. फुकट म्हणजे काय ते मला माहीत झालं होतं.

लांब रांग होती. सगळे पुरुष. मी चिठ्ठी काढून बाकावर बसले. लोक पाहत होते, मी मान खाली घालून माझे हलणारे हात मांडीखाली दाबले. नंबर आला. आत एक वयस्कर सिस्टर होती. चष्मा नाकावर, समोर जाड रजिस्टर.

मी बसले आणि सवयीनं सुरू झाले. "मी दहा वर्षांची होती. माझ्या बापानं..."

"ते नको सांगू बाई," सिस्टर म्हणाली. "शेवटची कधी घेतली?"

"काल. दुपारी."

"फिट आली का कधी?"

"नाई."

"झोप? उलट्या? कावीळ झाली होती?"

ती विचारत गेली, लिहीत गेली. वर पाहिलंही नाही फारसं. मग डॉक्टरनं तपासलं, सिस्टरनं कागद दिला. "त्या खिडकीतून गोळ्या घे. पुढच्या आठवड्यात ये. मधे घेतली तरी ये. घेतली म्हणून लाजून घरी बसू नको."

मी तिथंच बसून राहिले. मला वाटलं, अजून काही असेल. सही, फोटो, कुठं बोलायला यायचं ते.

"अजून काय?" सिस्टर म्हणाली. "उठ, मागं लोक आहेत."

खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला, गोळ्या मोजून पुडी बांधली, सरकवली. माझ्याकडं पाहिलं नाही. त्या दवाखान्याच्या पायरीवर मी बसले आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की मी बापाला कशाकरता विकलं होतं. जे त्या खिडकीतून नुसता कागद दाखवून मिळतं, त्याकरता. ते तिथं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. काचेच्या टेबलापाशी पाया पडताना मला वाटलं होतं, आपल्यासारखीला उपचार म्हणजे उपकारच.

मी दर आठवड्याला जायला लागले. दोनदा मधे घेतली. तरी गेले.

उन्हाळ्यात एक दिवस बाकावर माझ्या बाजूला एक माडिया आदिवासी बाई येऊन बसली. पंचविशीची. सोबत तिचा भाऊ. अहेरीच्याही पुढच्या गावाहून आले होते, आदल्या दिवशी निघून. त्यांच्याकडं जवळ असा दवाखाना नाही. तिला मराठी थोडंच येत होतं. तिचे हात माझ्या हातांसारखेच मांडीखाली होते. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनी नजर वळवली.

तेवढ्यात व्हरांड्यात गडबड झाली. मॅडम. सोबत त्यांचा ऑफिसातला माणूस, हातात मोबाईल धरून शूटिंग करत. केळ्यांची टोपली. त्या रांगेतल्या एकेकाला केळी देत फोटो काढत आल्या. त्या बाईपाशी थांबल्या. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"अरे वा, महिला! इकडे घे, इकडे घे," त्या मोबाईलवाल्याला म्हणाल्या. मग वाकून त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको हं. सांग, कधीपासून पितेस? घरात कोणी पाजली पहिल्यांदा? आईनं? बापानं?"

बाई भावाकडं पाहायला लागली. भाऊ मोबाईलकडं पाहत होता. तिनं एक हात मांडीखालून काढून तोंडावर धरला. तो हात थरथरत होता.

"हात, हात घे," मॅडम म्हणाल्या.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. मोबाईलच्या आणि तिच्या मधे उभी राहिले.

"मोबाईल बंद करा."

मॅडमनी मला ओळखलं. "तू? बाजूला हो."

"ते पेशंट आहे. तिले इचारायचं सिस्टर इचारन. तुम्ही नाई."

"तुला माणसात कोणी आणलं, विसरलीस?"

"औषधानं आणलं मॅडम. तुम्ही त्याच्या बदल्यात माह्या बापाले मागितलं. मी देऊन टाकला." रांगेतले सगळे पाहत होते. "माह्या बापानं कधी दारू पेली नाई. मले पाजली नाई. मी खोटं बोलली. गावोगाव खोटं बोलली. माही मी पेली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा खोकला. मॅडम मोबाईलवाल्याला म्हणाल्या, "हिनं आजही घेतलेली दिसते." काहीजण हसले. मी घेतली नव्हती. पण तोंड उघडून वास देणार होते का मी? मी तिथंच उभी राहिले. हसणं ऐकत. सरकले नाही.

सिस्टर बाहेर आली. तिनं टोपली पाहिली, मोबाईल पाहिला. "परवानगी आहे का शूटिंगची? नाही ना? मग बाहेर," एवढंच म्हणाली, आणि माडिया बाईला आत घेऊन गेली.

घरी येऊन पोरीला सांगितलं. म्हटलं, तुझ्या शाळेतही येते, हेडमास्तरांना विचारून सगळ्यांपुढं खरं सांगते.

"नाई," ती म्हणाली. "माह्या शाळेत पाय नको ठेवू. तुले आता खरं बोलाचं असन तर ते बी मलेच भोगा लागन."

ती चुकीचं बोलली नाही. जे मी त्या हॉलमध्ये सोडून आले ते परत घेता येत नाही. ती आता दहावीत आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. आई बोलते, पण बापाचा विषय माझ्यासमोर काढत नाही. मी विहारात पुन्हा जाते आणि पाचवं शील अजून मोठ्यानं म्हणवत नाही.

माडिया बाई पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सिस्टरनं रजिस्टर उघडून दाखवलं. तिच्या नावापुढची जागा कोरी. तशा कोऱ्या जागा पुष्कळ होत्या. अहेरीकडचे, कुरखेड्याकडचे, एकदा येऊन न आलेले. "एवढ्या दुरून कोण दर आठवड्याला येईल?" सिस्टर म्हणाली. "आजारी माणसाला दोन दिवस प्रवास करायला सांगतो आपण."

मी दहावी शिकले आहे. अर्ज लिहिता येतो. लिहिला. या गोळ्या आणि अशी एक सिस्टर प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात द्या. बायांसाठी वेगळी खोली द्या. उपचाराच्या बदल्यात कोणाचा फोटो, कोणाची कहाणी घेऊ नका. बाकावरच्या लोकांना वाचून दाखवला. काहींनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले, काही उठून दुसरीकडं जाऊन बसले. त्यांना नाव कागदावर नको होतं. मला राग आला नाही.

जिल्ह्याच्या मोठ्या आरोग्य ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला.

"कोणती संस्था?"

"संस्था नाई. पेशंट आहो."

"कशाची पेशंट?"

"दारूची."

त्यांनी खुर्ची थोडी मागं घेतली. "बाई, आधी स्वतः सुधरा. मग लोकांसाठी मागा."

यापूर्वी मी अशा वेळी मान खाली घातली असती. पाया पडले असते. त्या दिवशीही लाज वाटलीच. कानापर्यंत गरम झालं. पण मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथी पोच द्या."

त्यांनी शिक्का मारायला लावला.

मी सुधारेन की नाही, मला ठाऊक नाही. चार महिने झाले, घेतली नाही. उद्या घेईन, असंही होऊ शकतं. मी पुन्हा गटारात पडले तरी अर्जातली एक ओळ खोटी होणार नाही. औषध मागायला चांगलं असावं लागत नाही, आजारी असावं लागतं. तेवढी मी आहे.

पुढच्या सोमवारी मी त्या ऑफिसात परत जाणार आहे. शुद्धीत असले तर शुद्धीत. हात थरथरत असले तर थरथरत्या हातांनी.